सरोवराच्या काठी, देवळापाशी

देऊळघाटच्या उकंडरावांना रेडिओनं येड लावलंय, असं गाव म्हणे, आणि गाव काही फार खोटं बोलत नव्हतं. सरकारनं ग्रामपंचायतीला रेडिओ दिला आणि तो ऐकायला गावात श्रोता मंडळ काढलं, तेव्हा चावडीपुढे पाय ठेवायला जागा उरत नसे. मग गर्दी ओसरली. शेतकी कार्यक्रम शेवटपर्यंत ऐकायचा, त्यावर चार गोष्टी बोलायच्या आणि आपला अनुभव कार्डावर लिहून रेडिओकडे धाडायचा, एवढंच श्रोता मंडळाचं काम. त्यात कपभर चहासुद्धा सुटत नव्हता. अशा फुकटच्या कामाला माणसं किती दिवस टिकणार? शेवटी मंडळात उकंडराव तेवढे उरले, आणि चावडीत झोपणारं एक कुत्रं.

तरी उकंडरावांना एकटं वाटत नसे. कार्यक्रमाच्या शेवटी गावोगावच्या मंडळांची नावं वाचली जात. मेहकरकडचे दयाराम, वडनेर भोलजीच्या मनकर्णाबाई, असे कितीतरी लोक त्यांच्या रोजच्या ओळखीचे झाले होते. मिरचीची पानं आखडली तर आंबट ताक फवारा, असं मनकर्णाबाईंनी कळवलं होतं आणि त्या ताकानं उकंडरावांचा वाफा सावरला होता. तेव्हापासून घरात मनकर्णाबाईंचं नाव असं निघे, की जणू बाई शेजारच्याच आळीत राहतात. त्यांची बायको तानुबाई एकदा म्हणालीसुद्धा, की आता त्या बाईला भाऊबीजेला बोलावूनच टाका.

सरपंच वामनरावांना मात्र हे सगळं थोतांड वाटे. नावं रेडिओवाले बसल्या बसल्या रचतात, असं त्यांचं ठाम मत होतं. एका संध्याकाळी ते चावडीपाशी थांबले आणि रेडिओ कपाटात कुलपात ठेवायचं ठरवलंय म्हणाले. वर शांतपणे एक वाक्य बोलले.

"तू एकटाच आयकून राह्यला बे उकंडा. बाकी दुनियेत कोनी नाई."

हे वाक्य उकंडरावांच्या काळजात रुतलं. कारण खरं सांगायचं तर ही भीती त्यांच्याही मनात अधूनमधून डोकावत असे. ज्यांची तोंडं कधी पाहिली नाहीत, ती माणसं असतील कशावरून?

मग त्यांनी रेडिओला कार्ड घातलं. संक्रांत झाल्यावरच्या रविवारी सगळ्या मंडळांनी लोणारला जमावं, सरोवराच्या काठी, देवळापाशी. कोणा एका गावात जमलं तर जेवणावळीचा भार आणि मानपानाची भानगड, त्यापेक्षा सगळ्यांना परकं गाव बरं. रेडिओनं ते कार्ड मोठ्या आपुलकीनं वाचून दाखवलं. वामनरावांनीही ऐकलं आणि शब्द दिला: त्या नावांतला एक जरी माणूस दिसला, तर रेडिओ चावडीतच राहील. नाही दिसला, तर कपाटात. आणि बघायला ते स्वतः येणार होते.

आता यात एक गोम होती. उकंडरावांनी लोणार कधी पाहिलेलंच नव्हतं. आपल्या गावच्या तळ्याला काठ एक आणि काठावर देऊळ एक. सरोवर म्हणजे असंच थोडं मोठं तळं असेल, अशी त्यांची समजूत.

एसटीतून उतरून दोघं सरोवराच्या कडेला पोचले आणि उकंडराव जागीच खिळले. पायाखाली जमीनच संपली होती. आभाळातून कोणी मूठ मारावी तशी एवढी थोरली परात खोल गेलेली, तिच्या उतारांवर गच्च रान, आणि तळाशी हिरवट पाणी निपचित पसरलेलं. इतकं मोठं काही आपल्याच जिल्ह्यात आहे आणि आपण त्याविना जगलो, याचंच त्यांना नवल वाटलं. वामनरावसुद्धा टोपी हातात घेऊन उभे राहिले.

मग उकंडरावांना झाडांतून वर आलेलं एक शिखर दिसलं. पलीकडे दुसरं. पाण्याच्या पार तिकडे आणखी. काठाकाठानं देवळंच देवळं होती, आणि त्यांनी तर नुसतं देवळापाशी असं लिहिलं होतं.

उतार उतरून ते पहिल्या देवळात बसले. तिथं कोणी नव्हतं. काट्याकुट्यातून उकंडराव शेजारच्या देवळापर्यंत जाऊन आले, तर तिथं माकडं. आणखी पुढं जावं, तर यजमानानंच जागा सोडल्यावर आलेल्या पाहुण्यांनी कोणाला शोधायचं? आलेले सगळेही असाच विचार करून आपापलं देऊळ धरून बसले असतील, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. तानुबाईनं दहा जणांना पुरतील एवढ्या भाकरी बांधून दिल्या होत्या. दोघांनी ठेच्याशी एकेक खाल्ली. बाकीच्या वामनरावांनी पुन्हा बांधून ठेवल्या.

दिवस कलला. कार्यक्रमाची वेळ झाली. नेम चुकू नये म्हणून उकंडरावांनी रेडिओ फडक्यात बांधून आणला होता. शेवटचाच दिवस असं मनाशी म्हणत त्यांनी तो देवळाच्या पायरीवर ठेवून सुरू केला. रेडिओवर रोज शेतकी कार्यक्रम सांगणाऱ्या भाऊंनी रामराम घातला, आणि अर्ध्या शब्दाच्या अंतरानं तोच रामराम पाण्यावरून परत आला.

वामनराव म्हणाले, की आपलाच आवाज डोंगराला आपटून फिरून येतोय. उकंडरावांनाही तसंच वाटलं. तो रिकामा घुमारा त्यांना ऐकवेना. त्यांनी बटण फिरवून रेडिओ बंद केला.

आवाज बंद झाला नाही.

भाऊ हरभऱ्यावरच्या घाटेअळीबद्दल सांगतच होते. डावीकडच्या बाभळींमागून सांगत होते, उजवीकडून सांगत होते, आणि पाण्यापलीकडून तर लग्नाचा भोंगा लावल्यासारखे खणखणीत सांगत होते. एकच माणूस त्या अख्ख्या परातीला काठाकाठानं बोलत होता. तेव्हा उकंडरावांना उमगलं. सगळे आले होते. नेम चुकू नये म्हणून सगळ्यांनीच आपापला रेडिओ आणला होता. बंद रेडिओवर हात ठेवून ते बसून राहिले आणि त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या.

वामनरावांनीही कान देऊन ऐकलं. मग खाली वाकले आणि देवळात बोलावं तसं हळू बोलले.

"बंद काऊन केला बे? चालू कर. आपन बी हाव, हे त्यायले कसं समजन?"

उकंडरावांनी बटण पार शेवटापर्यंत फिरवलं. भाऊ नावं वाचायला लागले होते. वडनेर भोलजी म्हटल्याबरोबर पाण्यापलीकडून एका बाईनं जोरात ओ दिली. पुढच्या नावाला बाभळींमागून ओ आली. नावं सरकत होती आणि काळोखात एकेक देऊळ बोलत होतं.

देऊळघाटचं नाव आलं. उकंडराव बाहीनं डोळेच पुसत बसले होते. तेव्हा सरपंचांनी दोन्ही हात तोंडाशी नेले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओ दिली.