वासराला पाजायची रीत

ताटलीत वाटाणे एकवीस, गाजराचे तुकडे सहा, उकडलेलं अर्धं अंडं आणि मूठभर भात. पाऊण तासापूर्वी वाटाणे बावीस होते. त्यातला एक ठमीने बापाच्या डोळ्यावर नेम धरून थुंकला होता.

साडेतीन वर्षांची ठमी अकरा किलो नऊशे ग्रॅम भरत होती. शनिवारपर्यंत बारा भरली नाही, तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालायची, असं डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं होतं. नळी कशी घालतात, ते बापाला चांगलंच ठाऊक होतं. तो गुरांच्या दवाखान्यात मदतनीस होता; तिथे नळ्या घालायचं काम त्याचंच.

"दिवसभर म्हशींना औषधं पाजता," ओट्यापाशी पातेलं घासत आई म्हणाली, "आणि एवढ्याशा पोरीपुढे हात टेकले?"

ती थट्टेने बोलली. त्याला मात्र ते झोंबलं.

वासराला पाजताना ओठांच्या कोपऱ्यातून अंगठा आत सारतात. तिथे दात नसतात. जबडा आपोआप उघडतो. त्याने ठमीचं डोकं काखेत आवळलं आणि अंगठा आत सारला.

ठमीला तिथे दाढा होत्या.

अंगठ्यात दाढा हाडापर्यंत रुतल्या. त्याने हात काढला नाही.

"गीळ! गीळ म्हणतो ना!"

दुसऱ्या हाताने त्याने अंडं कोंबलं, वर भात कोंबला आणि तोंड दाबून धरलं. ठमीने लाथा झाडल्या, त्याचा गाल ओरबाडला. मग लाथा थांबल्या. ओठ निळे पडले.

त्याने तिला मांडीवर पालथं पाडून पाठीत दणके घालायला सुरुवात केली. आईने वळून पाहिलं, तेव्हा तिला दणके तेवढे दिसले.

"मेल्या, पोरीला मारतोस!"

ओलं पातेलं त्याच्या कानावर बसलं.

"अगं, घास अडकलाय!"

तोवर दुसरा घाव बसला होता. तो गुडघ्यांवर कोसळला, पण पोरीला सोडलं नाही. आणखी एक दणका घातला. पिवळा बलक फरशीवर उडाला आणि ठमीने टाहो फोडला.

आईने तिला हिसकावून घेतलं. "पुन्हा हिच्या अंगाला हात लावलात, तर याद राखा."

त्याच्या अंगठ्याला तीन टाके पडले, कानामागे पाच. त्या दिवसापासून चमचा दिसला की ठमी दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटून घेई. आईच्या हातचं दूधसुद्धा तिने थुंकून टाकलं.

शनिवारी आईनेच तिला काट्यावर उभं केलं. बाप दाराबाहेर थांबला.

अकरा किलो, तीनशे ग्रॅम.