ट्रम्पेटच्या पेटीतली कॅप्सूल

मी बोलतेय, हो, मीच! अर्धी लाल, अर्धी पिवळी, परवापर्यंत ट्रम्पेटच्या पेटीत रुमालाखाली दडपलेली कॅप्सूल. जात अँटिबायोटिकची. आता तोंड फुटलंच आहे, तर मला अडवू नका.

कारखान्यात माझ्या पोटात पांढरी पूड भरली, वर टोपण बसवलं आणि बहिणींसोबत चंदेरी पाकिटात बंद केलं. तेव्हापासून एकच ध्यास: कधी एकदा कुणाच्या पोटात उतरते आणि जंतूंची दाणादाण उडवते!

संधी चालून आली. बँडमधल्या ट्रम्पेटवाल्याची दाढ सुजली, ताप भरला. वाजवणं सोडाच, घास चावता येईना. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पू काढला, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी नाही ना, ते विचारलं आणि मग आम्हाला लिहून दिलं. औषधवाल्यानं बजावलं, "सांगितलेल्या वेळीच घ्या. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका."

"छे हो, मी काय लहान आहे?"

बहिणी एकेक करून गेल्या. काय पराक्रम गाजवला पोरींनी! गाल उतरला, ट्रम्पेट पुन्हा गाजू लागला. आणि या पठ्ठ्यानं उरलेलं पाकीट पेटीत टाकून दिलं. गरज सरो नि वैद्य मरो! मी नुसती चरफडले.

त्या बँडची रीतच अशी, की जे एकाचं ते सगळ्यांचं. तेलाची बाटली, घामाचा रुमाल, डबा, सगळं सामाईक. मग गोळ्या तरी कशा सुटणार?

कार्यक्रमाच्या दिवशी ढोलवाला शिंकत आला. त्याला सगळे धडाम म्हणतात.

"ही घे," ट्रम्पेटवाला म्हणाला. "माझी दाढ हिनंच बरी केली."

टच्‌कन पाकीट फुटलं नि मी धडामच्या तळहातावर! अहाहा! सर्दीच्या विषाणूंपुढे माझं काही चालत नाही, हे ठाऊक असूनही मी हुरळून गेले. तो हात तोंडाकडे निघाला.

"थांब!" झांजा खाली टाकून त्याची थोरली बहीण धावली. "कसली गोळी ती? नाव बघू."

तिनं पाकीट वाचलं आणि धडामचं मनगट घट्ट धरलं. "अरे, हेच ते! लहानपणी यानंच तुझं तोंड सुजलं, श्वास अडकला. आई तुला घेऊन अनवाणी दवाखान्यात पळाली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुन्हा कधीच द्यायचं नाही."

"मला कुठं आठवतंय, ताई?"

"तुला काय आठवणार! चड्डी घालायची अक्कल नव्हती तेव्हा."

ती हसली, पण डोळे भरून आले होते. मी तर गारच पडले. माझ्या पायी त्या हसऱ्या गड्याचा जीव गेला असता हो!

ट्रम्पेटवाल्यानं घाबरून डॉक्टरीणबाईंना फोन लावला, सगळं सांगितलं. स्वतःची दाढही पुन्हा ठणकत होती, तेही कबूल केलं.

"उरलेल्या गोळ्या आता मनानं सुरूही करू नकोस. आज ये, बघते," त्या म्हणाल्या. "आणि धडामला सांग, कुठल्याही डॉक्टरकडे गेला, की आधी ही अ‍ॅलर्जी सांगायची."

सध्या माझा मुक्काम औषधवाल्याच्या परत आलेल्या औषधांच्या खोक्यात आहे. इथून आम्ही नष्ट व्हायला जातो. बाबांनो, मला ज्याच्यासाठी लिहून दिलंय, त्यालाच द्या. शेजारधर्म पाळायला दुसरं पुष्कळ काही आहे.

मला सोडायला धडाम स्वतः आला होता. दारातच छाती भरून श्वास घेतला आणि असा काही शिंकला, की काउंटरवरचे कागद उडाले. औषधवाला वैतागला. मला मात्र वाटलं, पुन्हा एकदा शिंक रे बाबा, डोळे भरून बघू दे!