ताईने शोधलेली जागा

भाऊजींची बदली झाली तेव्हा ताईने सामानात सगळ्यात आधी काय बांधलं असेल, तर गळाच्या दोन काठ्या. भांडीकुंडी नंतर. आमचे अण्णा दीपगृहावर नोकरीला होते. मुलगा नव्हता म्हणून म्हणा किंवा ताईच मागे लागायची म्हणून म्हणा, गळ टाकायला त्यांनी शिकवलं ते तिला. मला नुसतं आमिष हातात धरलं तरी शिसारी यायची, त्यामुळे माझा प्रश्नच नव्हता.

नवं गाव समुद्राला लागूनच होतं, पण समुद्र दिसतो म्हणून मासा मिळतोच असं नाही. पहिला महिना ताई रोज हात हलवत परत आली. धक्क्यावर दहा-बारा पुरुष काठ्या लावून बसलेले असत. त्यांतल्या एकाला, तो पेशाने न्हावी, तिने सरळ विचारलं, "दादा, इथं किनाऱ्यावरून गळ टाकायला चांगली जागा कुठली?" त्याने तिला पार वाळूच्या टोकाला पाठवलं. तिथं घोटाभर पाणी आणि चिखल. ती परत आली तेव्हा सगळे खाली बघून हसत होते.

"मेले ताकास तूर लागू देत नाहीत," ती मला फोनवर म्हणाली. "नको सांगू देत. मी माझी शोधीन."

आणि शोधली. शिवणाचं काम सकाळीच उरकून ती ओहोटीला बाहेर पडायची. अमावास्या-पौर्णिमेला पाणी सगळ्यात लांब जातं, तेव्हा तर हटकून. गळ टाकायचा नाही, नुसतं बघायचं. कुठल्या खडकांना शिंपले धरलेत, खेकड्यांची फुटकी कवचं कुठे पडलीत, वाळू कुठे खरवडली गेलीय, पक्षी कुठे सूर मारतात. सगळं वहीत. वेळेसकट, वाऱ्यासकट. असे तीन महिने गेले. शेजारच्या बायकांना वाटलं, बाईचं काहीतरी हरवलंय.

भाऊजी ज्या बोटी दुरुस्तीच्या कंपनीत स्टोअरकीपर होते, तिच्या मागच्या भिंतीपलीकडे दोन काळे खडक होते. त्यांच्यामधली अरुंद, खोल वाट सगळं पाणी ओसरलं तरी भरलेली राहायची. भरती लागली की मासा याच वाटेने आत येणार, हे ताईने ओळखलं. पहिल्याच दिवशी चार मिळाले, एकेक हातभर लांब. तिने मला फोटो पाठवला. माशांचाच, स्वतःचा नाही.

भाऊजींनी त्या दिवशी बोटं चाटून खाल्लं. कुठं मिळाले विचारलं, तर दुसऱ्या दिवशी ती त्यांना हाताला धरून खडकांवरून घेऊन गेली. भाऊजी अकरा वर्षं एकाच हुद्द्यावर होते. बढती दर वर्षी दुसऱ्याच्या ताटात पडायची. त्यांच्या साहेबांना मासेमारीची नवी हौस लागली होती; महागडी काठी होती, मासा मात्र नव्हता.

"एकदाच नेतो गं साहेबांना," भाऊजी म्हणाले. "आणि तुझी ती वही दे जरा."

तिने दिली.

पुढचं तिला कळलं ते न्हाव्याकडून. बाजारात त्याने तिला थांबवलं. "बाई, तुमच्या मिस्टरांनी काय जागा शोधली हो! साहेब दाढीला बसले होते, सांगत होते. म्हणाले, माणूस तीन महिने वही घेऊन हिंडत होता."

घरी येऊन तिने विचारलं. भाऊजींनी बूट काढता काढता उत्तर दिलं, "बायकोने शोधली म्हटलं असतं तर साहेब हसले असते."

"मग हसले असते. कोण मेलं असतं?"

भाऊजींनी दुसरा बूट काढला आणि आत गेले. पुढच्या महिन्यात ते भांडारप्रमुख झाले. त्याच महिन्यात कंपनीने खडकांकडे जाणाऱ्या पायवाटेला फाटक बसवलं. आयत्या बिळावर नागोबा! ताई काठी घेऊन गेली तर पहारेकरी म्हणाला, "बाई, फक्त अधिकाऱ्यांसाठी आहे. रविवारी कुटुंबाला सोडतात, पण मिस्टरांबरोबर यायचं."

त्या रविवारी मीही तिथं होते, सुट्टीला आले होते. साहेबांनी खुर्च्या मांडल्या होत्या, छत्र्या लावल्या होत्या. आम्ही दोघी साहेबांच्या बायकोशेजारी बसलो. साहेब गळ टाकत होते आणि तो दर वेळी खडकात अडकत होता. ताईची बोटं मांडीवर आपोआप हलत होती.

"वहिनी, या ना, धरून बघा एकदा," साहेब मोठ्याने म्हणाले. "सोपं असतं. मी शिकवतो."

ताईने भाऊजींकडे बघितलं. त्यांनी डोळ्यांनीच हात जोडले.

ती उठली. साहेबांनी तिच्या हातात काठी दिली, अंगठा कुठे ठेवायचा ते दाखवलं, मनगट कसं वळवायचं ते दाखवलं. ती "हो, हो" म्हणत राहिली. मग तिने गळ टाकला, बरोब्बर वाटेच्या तोंडाशी, आणि दोन मिनिटांत दोरी ताणली गेली. मासा मोठा होता. तिने घाई केली नाही, ढील दिली, ओढला, पुन्हा ढील दिली आणि वर काढला.

"नवशिक्याचं नशीब बघा!" साहेब ओरडले.

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने भाऊजी.

परतताना बसमध्ये भाऊजी हळूच म्हणाले, "काही बोलली नाहीस, उपकार झाले तुझे."

"तुमच्यासाठी नाही गप्प बसले," ताई म्हणाली. "सांगितलं असतं तरी कुणाला खरं वाटलं नसतं. तेवढं ऐकायचं बळ नव्हतं माझ्यात."

भाऊजी तिकिटाची घडी घालत बसले.

याला दोन वर्षं झाली. आता त्यांच्या घरी मासा बाजारातून येतो, भाऊजीच आणतात. ताई शिजवते, वाढते आणि स्वतः आमटीभात खाते. ती अजून गळ टाकते का, टाकत असेल तर कुठे, हे मला माहीत आहे. भाऊजींना नाही. त्यांनी विचारलेलंही नाही.