उसनी किंकाळी

"अहो, बाईंचा आवाजच लागेना! कितीदा किंकाळी घेतली, दर वेळी उंदीर बघितल्यासारखी!" म्हातारे दिग्दर्शक माइक हातात आल्यावर रंगात आले होते. "मग मी शक्कल लढवली. स्टुडिओच्या काचेपलीकडून सांगितलं, बाई, घरून फोन आलाय, तुमची पोरगी गच्चीवरून पडली!"

सभागृह खदखदून हसलं. निर्लज्जम् सदासुखी म्हणतात ते हेच.

शेजारच्या खुर्चीतल्या, नायिकेला आवाज दिलेल्या बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या काळी सपशेल आपटलेला त्यांचा तो जुना सिनेमा हौशी मंडळींनी उकरून काढून नुकताच दाखवला होता. दरोडेखोर, मांत्रिक, आपल्या खुन्याला शोधत उठलेलं प्रेत. प्रेताचा रबरी हात बघून पोरं फिदीफिदी हसली. पण बाईंची किंकाळी आली आणि सगळ्यांची वाचा बसली. ती नायिकेच्या नावावर खपली, त्याचं बाईंना काही नव्हतं. आवाज उसना द्यायचा धंदाच तसा. पण ही फोनची गोष्ट त्यांनी घरात कधी काढली नव्हती, आणि तीच पोरगी, आता चष्मेवाली मास्तरीण, पहिल्या रांगेत बसून ऐकत होती.

"आजी, एकदा ती किंकाळी होऊन जाऊ द्या!" मागून कोणीतरी ओरडलं. दिग्दर्शकांनी हसत माइक पुढे केला.

बाईंनी तो जवळजवळ हिसकावलाच.

"अर्धीच सांगितलीत, साहेब. मी तशीच पळत सुटले. थट्टा होती म्हणून सांगायला तुमच्यातलं एक माणूस मागं आलं नाही. सगळे टेक ऐकत बसलात!"

"अहो बाई, कलेसाठी..."

"कला गेली खड्ड्यात! घरी पोचले तर पोर दारात खडूनं रेघोट्या मारत होती. पण अख्खा रस्ताभर ती मेली होती, साहेब. पुढं गच्चीच काय, कधी झोक्यावरसुद्धा बसू दिलं नाही तिला. का म्हणून विचारलं, तर धपाटे घातले. ते कोणाच्या नावावर मांडायचे?"

बाई माइक खुर्चीवर टाकून खाली उतरल्या. लेक पायऱ्यांशी येऊन उभी होती.

"आई, मला का नाही सांगितलंस गं? मी किती राग धरला तुझ्यावर."

"कसं सांगणार? तू समोर जेवायला बसलेली, आणि मी म्हणू, तुझ्या नावानं एकदा रडून झालंय माझं?"

आईच्या चपलेचा पट्टा सुटला होता. भर सभागृहात लेक खाली वाकली आणि तो लावू लागली.