रेस दे, प्रसाद

आमची फियाट रेस सोडली की थरथरायची, धापा टाकायची आणि बंद पडायची. बाबा एरवी सरकारी कचेरीत हेडक्लार्क. पण रविवार आला की वापीजवळच्या डोकमर्डी गावात आमच्या अंगणात बनियनवर उभे राहून बॉनेटखाली डोकं घालायचे. मी, शीतल, आत बसून रेस द्यायची. खरं तर ते काम माझ्या दादाचं, प्रसादचं. शहाऐंशीच्या पावसाळ्यात तो काविळीने गेला.

तो गेल्यावर बाबांनी पहिल्यांदा बॉनेट उघडलं आणि आतूनच ओरडले, "प्रसाद, रेस दे!" "बाबा, मी आहे," असं म्हणणार, तोच खिडकीतून आईने हाताने खुणावलं, राहू दे. मी रेस दिली. झालं! तेव्हापासून दर रविवारी मी प्रसाद.

बाबांनी प्लग बदलले, पॉइंट घासले, कार्ब्युरेटर खोलून जेट फुंकले. एकेका प्लगची वायर काढून इंजिनाचा आवाज ऐकायचे. "चारही चालतायत रे, मग बंद का पडते ही?" हे मला, त्या 'रे'सकट. शेजारचे गोकुळभाऊ खडोलीच्या कारखान्यात फिटर. ते एकदा कुंपणावरून म्हणाले, "साहेब, वापीले गॅरेजमा लई जा ना. घंटाभरमा ठीक करी देतीन."

"आम्ही दोघं बघतो," बाबा म्हणाले.

दोघं! मला बाबांचा राग यायचा आणि त्याहून जास्त प्रसादचा. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात; मी चांगली रागवायची. वर्ष उलटलं, मला शाळेत नोकरी लागली, तरी बाबांच्या तोंडी माझं नाव नाही. घरात "अगं" आणि अंगणात "प्रसाद". कधीकधी सीटवर बसलं की वाटायचं, माझ्या पायाने दादाच रेस देतोय आणि मी कुठेच नाहीये. तेव्हा मला फार भीती वाटायची.

एका रविवारी पुन्हा ती हाक आली आणि मी रेसवरून पाय उचलला. उतरून सरळ बॉनेटपाशी गेले. इंजिन धापा टाकत बंद पडायच्या बेतात होतं, आणि त्यात एक बारीक आवाज होता, कुणी दातांतून श्वास ओढावा तसा. कार्ब्युरेटरच्या मागे रबरी नळीला चीर गेली होती. तिच्यातून हवा आत खेचली जात होती. मी चिरेवर बोट दाबलं. इंजिन एकदम शांत, एका लयीत चालू लागलं.

"सापडलं, बाबा!"

बाबांनी नळीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचा चेहरा उतरला.

"बोट काढ, शीतल."

ज्या नावासाठी जीव टाकला, ते हे असं मिळालं. चीर त्यांना केव्हाच सापडली होती. गाडी दुरुस्त झाली तर प्रसादला हाक कशी मारायची? मला भडभडून आलं. पण मी बोट काढलं नाही.

"काढ ना गं."

"नाही, बाबा."

नळीपाशी चटके बसत होते. शेवटी बाबांनी दारातून वाकून स्वतःच किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. अंगणात शांत झालं. ते माझ्याशेजारी बंपरवर टेकले आणि त्यांनी माझं काळं झालेलं बोट हातात घेतलं.

"प्रसाद गेला गं," ते म्हणाले, जणू ती बातमी मला पहिल्यांदाच सांगत होते.