पिवळ्या मुगाची भेट

जैनथजवळच्या एका गावात डोमाजी आणि त्याचा थोरला भाऊ नागोराव दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण काय, तर दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावरचं निंबाचं झाड. ते कोणी तोडलं हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, फक्त प्रत्येकाला वेगळं.

यंदा श्रावणात डोमाजीचा मूग पिवळा पडू लागला. डोमाजी घाबरला, पण मनातून थोडा खूशही झाला. भावाकडे जायला निमित्त मिळालं. मुगातलं नागोरावाला कळतं, हे त्यानं भांडणातही नाकारलं नव्हतं. पण इतक्या दिवसांनी रिकाम्या हातानं जायचं कसं? भल्या सकाळी त्यानं पाच-सहा पिवळी झाडं उपटली, कोमेजू नयेत म्हणून ओल्या टॉवेलात गुंडाळली आणि थेट नागोरावाच्या मुगात जाऊन टॉवेल झटकला. पिठासारखं काहीतरी उडालं.

"दादा, हे पाह्य ना, काय होऊन राह्यलं."

नागोरावानं आधी भावाकडे पाहिलं, मग झाडांकडे.

"युरिया कमी पडला असन."

साफ चूक होतं. पण दोन वर्षांतलं पहिलं वाक्य होतं, डोमाजीला गोड लागलं. दोघांनी तिथंच बसून चहा घेतला. मग रोजच घेऊ लागले.

बाराव्या दिवशी कृषी खात्याची रश्मी आली. तिनं नागोरावाच्या शेतातलं एक पिवळं पान उलटं केलं. खाली कणीहून बारीक पांढऱ्या माश्या.

"काका, हा केवडा रोग. ही माशी रोगट झाडाचा रस पिते, मग मरेपर्यंत ज्या झाडावर बसते त्याले रोग देते. युरियानं काही होत नाही. झाडं उपटा, जागच्या जागी पोत्यात भरा, पुरून टाका. शेतातून मिरवू नका."

पिवळा पट्टा अंगणाएवढाच होता, चहाच्या जागेभोवती. डोमाजीनं ओळखलं. नागोरावानंही. रश्मीची गाडी गेली. डोमाजीला मुगाचं काहीच वाटत नव्हतं. दादा आता पुन्हा अबोला धरणार, आणि या खेपेला कारण खरं आहे, याचीच त्याला भीती वाटत होती.

नागोरावानं पोतं उघडलं.

"धर."

डोमाजीनं दुसरं टोक धरलं. अर्धं पोतं भरलं तेव्हा नागोराव म्हणाला, "उद्या येशीन?"

"येतो ना."

"मंग हात हालवत येजो."