हारन देल्ला होता

मित्रांनो, आयुष्यभर मी मोठ्यानं बोललो. आज जरा हळू बोलणार आहे. मी एका काळ्या-पिवळ्या जीपचा जुना हॉर्न आहे. चिखलीहून आमच्या गावाकडे जी जीप दिवसभर सवाऱ्या घेऊन ये-जा करते, तिच्या समोरच्या जाळीमागे मी बसलेला असतो. माझा लाल रंग केव्हाच उडाला, कडांना गंज चढला. पण मनावर जी एक गोष्ट आहे ती गंजाहूनही खोल गेली आहे. ती सांगितल्यावाचून मला चैन पडणार नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आत एक पातळ चकती, थोडी तांब्याची तार आणि वर पत्र्याची टोपी, एवढाच माझा देह. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते चिखलीच्या गोपाळ मिस्त्रीच्या दुकानात. त्यानं मला बॅटरीला लावून पाहिलं आणि मी असा कोकललो, की शेजारी चहा पिणाऱ्या माणसाच्या बशीतला अर्धा चहा त्याच्या धोतरावर गेला. जीपचे मालक गुलाबराव, तेच ड्रायव्हर, एकदम खूश झाले. म्हणाले, "हाच पाह्यजे बाप्पा! दोन कोसावरून आयकू येते." झालं, मी तेव्हाच हरभऱ्याच्या झाडावर चढून बसलो.

त्या काळी आमची भाषा तीन शब्दांची होती. दोनदा आखूड 'पों-पों' म्हणजे, बसता का? एक लांब 'पोंऽऽ' म्हणजे, बाजूला व्हा, आम्ही येतोय. आणि एक लांब, एक आखूड म्हणजे रामराम, जय भीम, जे ज्याचं असेल ते. रस्त्यावरच्या साऱ्यांना ही भाषा पाठ होती. मी दुरून वाजलो की बाया हातातला विळा टाकून पिशवी उचलायच्या. म्हातारे म्हणायचे, "गुलाबरावचा हारन आला, उठा." लहान पोरं माझी नक्कल करायची. मला वाटायचं, ही गाडी डिझेलवर कुठली चालते, माझ्या गळ्यावर चालते!

पण मित्रांनो, माणसाची सवय वाईट. वर्षं गेली तसा गुलाबरावांचा अंगठा आळसावला. माझं बटण जास्त वेळ दाबायचा त्याला कंटाळा येऊ लागला. सवारीला 'पों-पों', सोयऱ्याला 'पों-पों', वाटेतल्या म्हशीलाही 'पों-पों'. तीन शब्दांतला एकच उरला. आणि मीही मुकाट्यानं तोच बोलत राहिलो, कारण वाजायला मिळतंय याचाच मला आनंद होता.

आमच्या रस्त्यावर रोज सकाळी बेबीताई भेटायच्या. शेजारच्या गावच्या अंगणवाडीत त्या सेविका आहेत. पन्नाशीच्या, पण सायकलवर ताठ बसायच्या. हँडलला डब्याची पिशवी, मागे मुलांच्या वजनाचा काटा बांधलेला. गुलाबरावांना त्या लहानपणापासून ओळखतात, एकाच गल्लीतले ना दोघं. जीप मागून आली की मी 'पों-पों' करायचो. बेबीताई मागे वळून उजवा हात हलवायच्या, म्हणजे 'नाही बसत'. मग गुलाबराव खिडकीतून ओरडायचे, "बस ना वं ताई, सायकलले टपावर टाकतो!" आणि त्या हसून म्हणायच्या, "जाय, तुह्या डबड्यापेक्षा माही सायकल बरी!" ही थट्टा आमची दहा-बारा वर्षांची. ती ऐकल्याशिवाय दिवस उजाडला असं मला वाटत नसे.

तो दिवस कापूस वेचणीच्या हंगामातला. जीप ठासून भरलेली. मागून एसटी येत होती, आणि ती पुढे गेली तर फाट्यावरच्या सवाऱ्या उचलणार म्हणून गुलाबराव गाडी पिटाळत होते. समोरून कापसाचा ट्रॅक्टर येत होता, दोन्ही बाजूंना फुगलेला. आणि आमच्या पुढे, रस्त्याच्या डाव्या कडेला, बेबीताई. त्यांच्या डावीकडची साइडपट्टी खचलेली, म्हणजे अजून बाजूला व्हायला त्यांना जागाच नव्हती. ट्रॅक्टर जाईस्तोवर थांबायचं, एवढंच करायचं होतं. दोन घोट पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ. मी जाळीमागून सगळं पाहत होतो.

गुलाबरावांचा अंगठा माझ्या बटणावर आला. त्यांना म्हणायचं होतं, बाजूला हो, मी मधून काढतोय. माझ्या तोंडून निघालं, 'पों-पों'.

बेबीताईंनी तेच ऐकलं जे त्या रोज ऐकत होत्या. त्या हसत मागे वळल्या आणि त्यांनी उजवा हात उचलला. उजवीकडे मान वळवली की एका हातावरची सायकलही उजवीकडेच सरकते, हे सायकल चालवणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. जीपचा डावा कोपरा हँडलला लागला. डबा उडाला, काटा उडाला. बेबीताई खचलेल्या साइडपट्टीवरून खाली गेल्या.

मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात सळई घालावी लागली. जीव वाचला, पण पुन्हा नीट चालता येईल की नाही, हे डॉक्टरही ठाम सांगेनात.

आणि मग मित्रांनो, जे झालं त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. दवाखान्याच्या आवारात बेबीताईंचा मुलगा धम्मरत्न धावत आला. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "हारन देल्ला होता काय?" पुढच्या सीटवर बसणारे रिटायर कारकून नारायणराव तत्काळ म्हणाले, "हाव, देल्ला होता. म्या माह्या कानानं आयकला." बाकीच्या सवाऱ्यांनी माना हलवल्या. पोलिसांच्या कागदावरही तेच चढलं. गावात ज्यानं त्यानं तेच म्हटलं: हारन देल्ला होता ना, मंग गुलाबराव काय करन?

म्हणजे साक्षीदार कोण, तर मी! मी वाजलो होतो म्हणून चूक बेबीताईंची ठरली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की मी वाजलो, पण काय बोललो ते तर विचारा. पण हॉर्न स्वतःहून कुठे वाजतो? त्या दिवसांत गुलाबरावांचा अंगठा माझ्या बटणाजवळ येऊन थबकायचा. रात्रीचं जेवणही ते निम्मं टाकून उठतात, असं त्यांच्या घरातली माणसं म्हणत.

तीन आठवड्यांनी गुलाबराव बेबीताईंना भेटायला गेले. जीप त्यांच्या ओट्याला लागूनच उभी होती, दार उघडं होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं. बेबीताई खाटेवर होत्या. गुलाबराव काही बोलायच्या आतच त्या म्हणाल्या, "गुलाब, माहीच चूक झाली रे. मले वाटलं तू रोजच्यावानी बसाले बलावून राह्यला. म्हणून म्या हात हलवला. तुह्या जिवाले उगाच घोर लागला."

मग गुलाबरावांचा आवाज आला, आणि तो मी ओळखलाच नाही.

"ताई, तुही चूक नाही. ट्रॅक्टर मले दिसून राह्यला होता. तू बी दिसून राह्यली होती. म्या ब्रेकवर पायच ठेवला नाही. हारन देल्ला न् वाटलं, झालं आपलं काम."

"आई तीन आठवडे सोताले बोल लावून राह्यली," धम्मरत्न म्हणाला. "तुमाले हे तवाच काऊन नाही सांगता आलं?" त्यावर गुलाबराव रडले. रडणं बरोबर होतं आणि प्रश्नही बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी ते धम्मरत्नला बरोबर घेऊन ठाण्यात गेले आणि खरा जबाब लिहून दिला. लायसनचं काय होईल ते होईल म्हणाले. ते प्रकरण अजून चालूच आहे. स्टँडवर नारायणराव त्यांच्यावर चिडले, "आमी तुह्यासाठी बोललो, अन् तू आमालेच खोटं पाडलं?" गुलाबराव म्हणाले, "तुमी खरंच बोलले, नारायणराव. हारन देल्ला होता. पन हारन म्हनजे काही ब्रेक नोय."

आता आमची जीप सायकलच्या मागे आली की गती कमी होते. पुढे जायचं असेल तर मधे एक आडवी खाट मावेल एवढी जागा सोडूनच जाते, आणि तेवढी जागा नसेल तर मागेच राहते. सवाऱ्या कुरकुर करतात. दोन-तीन जण तर दुसऱ्या जीपमध्ये बसू लागले. मी दिवसचे दिवस मुका असतो, आणि खरं सांगू, मला ते आवडत नाही. वाजण्याची सवय सहजासहजी जात नाही.

मागच्या आठवड्यात बेबीताई पहिल्यांदा रस्त्यावर आल्या. काठी टेकत, एक पाय ओढत अंगणवाडीकडे निघाल्या होत्या. सायकल त्यांना आता जमणार नाही. रस्ता तिथे अरुंद आणि आम्ही नेमके त्यांच्या मागे. आतून कोणीतरी ओरडलं, "हारन मार ना बे, काऊन थांबला?"

"चालू दे तिले," गुलाबराव म्हणाले आणि त्यांनी गाडी जागेवर उभी केली.

बेबीताई हळूहळू गेल्या. मागे बारा माणसांची जीप थांबली आहे, हे त्यांना कळलंही नाही. त्यांना दचकून मागे वळून पाहावं लागलं नाही. माझ्या हातून एवढंच चांगलं झालं, आणि ते मी गप्प राहिल्यानं झालं. त्यांचा पाय मात्र मी परत देऊ शकत नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हातात स्टिअरिंग येईल. पुढे कोणी पायी चालत असेल, कोणी सायकलवर असेल. मी तुमच्या हाताशी असेन आणि वाजायला एका पायावर तयार असेन. माझं ऐकू नका. अंगठ्याच्या आधी पाय हलू द्या.